फुप्फुसाच्या बुरशीची औषधं: घड्याळाशी आणि ताटाशी कोण जुळवून घेतं?

शाहूपुरीत किंवा राजारामपुरीत औषधाच्या दुकानात इट्राकोनॅझोल मागितलं की काउंटरवरून पहिला प्रश्न येतो कंपनीचा, दुसरा डिस्काउंटचा. जेवणाबरोबर घ्यायची की उपाशीपोटी, हा प्रश्न बहुतेक वेळा कुणी विचारत नाही. फुप्फुसातल्या बुरशीच्या उपचारात खरी गोम मात्र तिथंच असते. औषध चांगलं, डॉक्टर चांगला, पैसे मोजलेले, आणि रक्तात औषध पोचलेलंच नाही असं सर्रास होतं.

म्हणून या परीक्षणात किंमत किंवा ब्रँड पाहिलेला नाही. कसोटी एकच: या औषधाचं वेळापत्रक कोल्हापुरातल्या साध्या घरात पाळता येतं का, आणि चुकलं तर काय बिघडतं. समोर रुग्ण धरलेत ते इथले नेहमीचे. टीबी बरा झाल्यावर फुप्फुसात उरलेल्या पोकळीत अ‍ॅस्परजिलस बुरशी वाढलेले, म्हणजे सीपीएचे. दम्याबरोबर बुरशीची अ‍ॅलर्जी असलेले, म्हणजे एबीपीएचे. आणि मधुमेह, स्टेरॉइड किंवा केमोमुळे प्रतिकारशक्ती ढासळून बुरशी फुप्फुसात घुसलेले. खाली दिलेले डोस नेहमीच्या प्रौढ रुग्णाचे आहेत. तुमचा डोस तुमच्या चिठ्ठीवरचाच.

सुरुवात इट्राकोनॅझोलपासून, कारण सीपीए आणि एबीपीएत सगळ्यात जास्त खपतं ते हेच. साधी कॅप्सूल उघडून पांढऱ्या कागदावर ओता. पावडर निघत नाही, बारीक मणी निघतात. साखर-स्टार्चच्या दाण्यावर औषधाचा लेप दिलेला असतो. हा लेप पोटातल्या आम्लातच नीट विरघळतो, म्हणून कॅप्सूल भरल्या पोटी घ्यायची. दोन घास नव्हे, पूर्ण जेवण. दोन वेगळ्या कंपन्यांच्या कॅप्सूल शेजारी शेजारी ओतल्या तर मण्यांचा आकार आणि संख्या उघड्या डोळ्यांनाही वेगळी दिसते. आपल्याकडच्या त्वचारोगतज्ज्ञांनी हे मणी मोजून, मापून दाखवलेलं आहे. मणी जितके बारीक आणि सारखे, तितकं औषध चांगलं सुटतं. तेव्हा एका कंपनीवर बसलेला रुग्ण दर महिन्याला ‘जे स्वस्त ते’ करत फिरवू नये.

सर्वसाधारण डोस 200 मिग्रॅ दिवसातून दोनदा. गंभीर आजारात पहिले तीन दिवस 200 मिग्रॅ तीनदा देऊन पातळी चढवतात. चढवलं नाही तर रक्तातली पातळी स्थिरावायला दोन आठवडे लागतात. ‘आठ दिवस झाले, काही फरक नाही’ म्हणून औषध बदलून मागणाऱ्यांनी हा आकडा लक्षात ठेवावा.

वेळेच्या दृष्टीनं हे औषध आपल्या घराला मानवतं. दुपारचं जेवण, रात्रीचं जेवण, दोन्ही वेळा ताटावरच. भाकरी, आमटी, भात झाला की लगेच कॅप्सूल. बिघडतं ते तीन ठिकाणी. पहिलं, सोमवारचा किंवा एकादशीचा उपवास. वरीचा भात आणि शेंगदाण्याची आमटी पोटभर खाल्ली तर ते जेवणच आहे, पण चहा आणि दोन केळ्यांवर कॅप्सूल घेतली तर त्या दिवसाचं औषध बरंचसं तसंच बाहेर पडतं. दुसरं, सकाळची न्याहारी धरून डोस घेणं. शेतावर जाणारा माणूस सहाला चहा-बटर खाऊन निघतो. तो डोस ‘जेवणानंतर’ म्हणून चिठ्ठीत असतो, प्रत्यक्षात उपाशीपोटी पडतो. तिसरं आणि सगळ्यात मोठं, आम्लपित्ताची गोळी. आपल्याकडे कुठल्याही चिठ्ठीच्या डोक्यावर उपाशीपोटीचं पँटोप्राझोल असतंच. ते पोटातलं आम्ल दिवसभर दाबून ठेवतं, त्यामुळे ‘दोन तासांचं अंतर ठेवा’ हा सल्ला इथं कामाचा नाही. अंतर चालतं ते चघळायच्या किंवा पातळ अँटासिडला: ते कॅप्सूलच्या एक तास आधी किंवा दोन तास नंतर. पँटोप्राझोल, ओमेप्राझोल असेल तर ते खरंच हवं आहे का हे डॉक्टरांना विचारायचं. हवंच असेल, तर कॅप्सूल कोलाबरोबर घ्यायची युक्ती आहे. ती ऐकायला विचित्र वाटते, पण कोलाच्या आम्लानं शोषण वाढतं हे तपासलेलं आहे. मधुमेह्यांना अर्थात ही युक्ती महागात पडते. ताकानं तेच काम होईल असं समजू नका, ताकाचा आंबटपणा त्या मानानं फार सौम्य असतो.

याच औषधाचा ‘सुबा’ प्रकार मिळतो. त्याला आम्लाची फारशी गरज नाही, आणि पँटोप्राझोल सोडता येत नाही अशा रुग्णाला तोच बरा. पण खोक्यावरचा आकडा फसवा आहे. सुबाच्या काही बनावटींत 50 मिग्रॅ आणि काहींत 65 मिग्रॅ हे साध्या 100 मिग्रॅच्या जागी येतात. ऑनलाइन दुकानं ‘सॉल्ट तेच आहे’ म्हणून साध्याच्या जागी सुबा किंवा सुबाच्या जागी साधी कॅप्सूल पाठवतात आणि माणूस तेवढेच मिलिग्रॅम मोजून गिळत राहतो. एकीकडे डोस अर्धा होतो, दुसरीकडे दीडपट-दुप्पट. घरपोच सेवेबद्दलची आमची पहिली तक्रार हीच.

दम्याचा पंप चालू असलेल्यांनी आणखी एक पाहावं. बुडेसोनाइड किंवा फ्लुटिकासोन असलेला पंप आणि इट्राकोनॅझोल एकत्र आले की पंपातलं स्टेरॉइड शरीरात साठतं. तोंड सुजतं, साखर चढते, आणि घरचे म्हणतात ‘अंगानं भरला, औषध मानवलं’. पाय सुजले आणि दम वाढला तर तेही मानवल्याचं लक्षण नाही. या औषधानं हृदयाचा जोर कमी होऊ शकतो, लगेच दाखवायचं.

आणि मुदत. चंदीगडच्या पीजीआयमध्ये सीपीएच्या रुग्णांत सहा महिने आणि बारा महिने इट्राकोनॅझोल अशी तुलना झाली, 2022 मध्ये ती प्रसिद्ध झाली. दोन वर्षांत आजार उलटण्याचं प्रमाण सहा महिनेवाल्यांत 38 टक्के, बारा महिनेवाल्यांत 10 टक्के. खोकला तिसऱ्या महिन्यात कमी होतो आणि आपले लोक तिथंच थांबतात, कारण तोवर 100 मिग्रॅच्या साडेतीनशेच्या वर कॅप्सूल पोटात गेलेल्या असतात आणि कंटाळा आलेला असतो. एबीपीएत मात्र नेहमीचा कोर्स चार महिन्यांचा. शेजारच्याचा बघून आपला वाढवायचा नाही.

आता व्होरिकोनॅझोल. अ‍ॅस्परजिलस फुप्फुसात घुसलेला असेल तर पहिलं नाव याचंच. 2002 मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या तुलनेत बारा आठवड्यांनी जिवंत असलेले रुग्ण व्होरिकोनॅझोलवर सुमारे 71 टक्के होते, सलाइनमधून द्यायच्या जुन्या अ‍ॅम्फोटेरिसिनवर 58. औषध म्हणून तोड नाही. पण घरात पाळायचं वेळापत्रक म्हणून याच्याइतकं हट्टी दुसरं नाही.

हे बरोबर उलटं चालतं: जेवणाच्या एक तास आधी किंवा एक तास नंतर. तुपातेलाच्या जेवणाबरोबर घेतलं तर सुमारे पाव हिस्सा वाया जातो. म्हणजे गंगावेशीत धारोष्ण दुधाचा पेला रिकामा करून त्यावरच गोळी टाकणं बाद, मिसळीच्या कटावर टाकणं तर त्याहून बाद. पहिल्या दिवशी 400 मिग्रॅ बारा-बारा तासांनी दोनदा, मग 200 मिग्रॅ दोनदा. वजन 40 किलोच्या आत असेल तर याच्या निम्मं. टीबीनं खंगलेल्या बऱ्याच बायकांचं वजन 40 च्या खाली असतं, म्हणून दवाखान्यात काट्यावर उभं राहिल्याशिवाय चिठ्ठी घेऊ नये. पहिल्या दिवसाचा दुप्पट डोस चुकवला तर पातळी यायला पाच-सात दिवस जातात, आणि घुसलेल्या बुरशीत तेवढे दिवस हातात नसतात.

सोयीचं घड्याळ म्हणजे सकाळी सहा आणि संध्याकाळी सहा. सकाळची गोळी चहाच्या आधी, पाण्याबरोबर, न्याहारी सातनंतर. संध्याकाळची गोळी पाचचा वडापाव टाळून. शिरोली किंवा गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीत पाळीवर जाणाऱ्याची पाळी दर आठवड्याला बदलते, गोळीची वेळ बदलू नये. मोबाइलचा गजर लावा. गोळीनंतर अर्ध्या तासात डोळ्यांपुढे चमकणं, रंग फिके दिसणं असे प्रकार होतात आणि बहुधा पुढच्या अर्ध्या तासात जातात. त्या वेळात दुचाकी नको, रात्रीची तर नकोच. उसात राबणाऱ्यानं फुल बाह्या आणि टोपी सोडू नये. या गोळीवर कातडी उन्हानं भाजते, आणि वर्षानुवर्षं घेणाऱ्यांत त्वचेच्या कर्करोगाचा धोका आहे.

सगळ्यात घातक गैरसमज म्हणजे ‘डोस दीडपट केला की असर दीडपट’. व्होरिकोनॅझोलमध्ये 200 चे 300 केले की शरीराला मिळणारं औषध सरासरी अडीचपट होतं, कारण यकृताची ते फोडायची ताकद भरून जाते. आणि ही ताकद माणसागणिक जन्मतःच वेगळी. त्यामुळे एका डोसवर एकाला काही होत नाही आणि दुसरा भिंतीवर माणसं दिसतात म्हणून ओरडत उठतो. रक्तातली पातळी तपासल्याशिवाय हे औषध चालवणं म्हणजे डोळे बांधून घाट उतरणं.

टीबीची रिफाम्पिसिन चालू असताना तर व्होरिकोनॅझोल देतच नाहीत. इट्राकोनॅझोलचंही तेच. रिफाम्पिसिन या औषधांचा रक्तातला मागमूस पुसून टाकते, आणि ती बंद केल्यावरही तिचा असर सुमारे दोन आठवडे राहतो. टीबीचा कोर्स संपला की दुसऱ्या दिवशी बुरशीची गोळी सुरू करून ‘लागू पडत नाही’ म्हणण्यात अर्थ नाही.

पोसाकोनॅझोलची 100 मिग्रॅची गोळी घराला सगळ्यात सोपी. पहिल्या दिवशी तीन-तीन गोळ्या दोनदा, मग रोज एकदाच तीन. जेवणाबरोबर घेतली की उत्तम, तांबडा-पांढरा असला तरी हिची काही हरकत नाही. फोडायची नाही, चावायची नाही; तिचं आवरण पोट ओलांडून आतड्यात उघडण्यासाठी बनवलेलं आहे. याच औषधाचं पातळ सिरपही मिळतं, आणि त्याचं वागणं वेगळं: एका वेळी जास्त दिलं तरी शोषलं जात नाही. म्हणून 400 मिग्रॅ दोनदा देण्यापेक्षा 200 मिग्रॅ चारदा दिलं तर जास्त मिळतं, तेही चारही वेळा स्निग्ध जेवणावर. दिवसाचं औषध तेवढंच, फक्त विभागणी वेगळी. वेळापत्रकाची किंमत याहून स्पष्ट दाखवणारं उदाहरण आमच्या माहितीत नाही. चार भरपेट जेवणं आजारी माणूस करत नाही, तेव्हा गिळता येत असेल तर गोळीच घ्या. दोन्ही एकमेकांच्या जागी चालत नाहीत.

आयसाव्हुकोनॅझोलला जेवणाचं बंधन नाही. शरीरात ते पाच-सहा दिवस रेंगाळतं, त्यामुळे एखाद्या दिवशी तासभर इकडं-तिकडं झालं तरी आभाळ कोसळत नाही. अडचण फक्त पहिल्या दोन दिवसांची: 200 मिग्रॅचे सहा डोस, आठ-आठ तासांनी. सकाळी सहा, दुपारी दोन, रात्री दहा. तीन पाळ्यांच्या कारखान्यात उमेदवारी केलेल्या घराला हे समजावून सांगायला लागत नाही. तिसऱ्या दिवसापासून दिवसातून एकदा. खिशाला मात्र जड आहे.

दुकानदाराचं गणित इथंच चुकतं. महिन्याचं औषध म्हणून व्होरिकोनॅझोलच्या 60 गोळ्या बांधल्या जातात. पहिल्या दिवसाच्या चार धरून 30 दिवसांना 62 लागतात. पोसाकोनॅझोलच्या 90 नव्हे, 93. आयसाव्हुकोनॅझोलच्या 100 मिग्रॅच्या कॅप्सूल 60 नव्हे, 68. इट्राकोनॅझोलच्या 100 मिग्रॅच्या, तीन दिवस चढवायचं असेल तर 120 नव्हे, 126. दोन गोळ्यांचा फरक किरकोळ वाटतो, पण महिन्याच्या शेवटी तो रविवारी संध्याकाळी उघड होतो आणि चंदगड-गगनबावड्याकडच्या माणसाला त्या वेळी या गोळ्या जवळपास मिळत नाहीत.

सलाइनमधून द्यायच्या अ‍ॅम्फोटेरिसिनसाठी शहरात डे-केअरची सोय बऱ्याच खासगी रुग्णालयांत आहे, आणि आता घरी नर्स पाठवणाऱ्या सेवाही आहेत. 2021 मध्ये काळ्या बुरशीच्या साथीत याच औषधासाठी राज्यभर वणवण झाली, केंद्रानं त्या जूनमध्ये यावरचा जीएसटी काही महिन्यांसाठी शून्य केला होता. आता माल मिळतो. सेवा कशी आहे हे ओळखायचं असेल तर नर्सच्या हाताकडं बघा.

लायपोसोमल प्रकाराची, म्हणजे चरबीच्या सूक्ष्म वेष्टनात औषध भरलेल्या नव्या प्रकाराची, 50 मिग्रॅची कुपी. 60 किलोच्या माणसाला 5 मिग्रॅ प्रति किलोनं 300 मिग्रॅ, म्हणजे रोज सहा कुप्या. प्रत्येकीत 12 मिली स्टेराइल वॉटर घालून लगेच किमान अर्धा मिनिट जोरात हलवायची. पिवळसर, एकजीव दूध दिसलं पाहिजे. मग सोबत दिलेल्या 5 मायक्रॉनच्या फिल्टरमधून 5 टक्के डेक्स्ट्रोजमध्ये, मिलीला 1 ते 2 मिग्रॅ इतकं पातळ. सहा कुप्यांसाठी एकूण 150 ते 300 मिली होतं. दोन तासांत जायला हवं. साधं जुनं अ‍ॅम्फोटेरिसिन असेल तर चार ते सहा तास. गावाकडून एसटीनं येणाऱ्याचा दिवस कुठल्यात मोडतो ते यावरून समजावं.

इथली ठरलेली चूक म्हणजे मधुमेही पाहून डेक्स्ट्रोजच्या जागी नॉर्मल सलाइन जोडणं. हेतू चांगला, परिणाम वाईट: सलाइनमध्ये औषध फुटून साका बसतो. 250 मिली डेक्स्ट्रोजमध्ये साखर असते साडेबारा ग्रॅम, दोन-अडीच चमचे. त्यासाठी इन्सुलिन सांभाळता येतं, साकळलेलं औषध परत येत नाही. लाइन धुवायचीही डेक्स्ट्रोजनंच. जुन्या प्रकारात मूत्रपिंड वाचवायला आधी 500 मिली नॉर्मल सलाइन देतात, तेव्हा ते संपल्यावर लाइन डेक्स्ट्रोजनं धुऊनच औषध जोडायचं. घरी येणारे बरेच जण ही पायरी गाळतात. क्रिएटिनिन, पोटॅशियम, मॅग्नेशियम आठवड्यातून किमान दोनदा न तपासणारी सेवा कितीही वक्तशीर असली तरी घेऊ नये. ‘जास्त दिलं की लवकर बरं’ हेही अ‍ॅस्परजिलसमध्ये तपासून झालंय. रोज 10 मिग्रॅ प्रति किलोनं 3 मिग्रॅपेक्षा काही जास्त साधलं नाही, मूत्रपिंडाला इजा तेवढी वाढली.

नेब्युलायझरनं अ‍ॅम्फोटेरिसिन हा ठरावीक रुग्णांपुरता पर्याय. एबीपीएत 10 मिग्रॅ दिवसातून दोनदा, आठवड्यातून तीन दिवस एकाआड एक, अशी पद्धत वापरली गेली आहे. छाती आवळते, म्हणून पहिला डोस दवाखान्यातच घ्यावा आणि आधी श्वासनलिका मोकळ्या करणारं साल्ब्युटामॉल. भिजलेला मास्क पिशवीत कोंबून ठेवणाऱ्यांनी हा खर्च करूच नये.

उरली रक्तातली पातळी मोजायची सेवा. नमुना इथं घेतात आणि तपासणीला बहुधा मुंबईला जातो, म्हणून वेळ दुप्पट महत्त्वाची. व्होरिकोनॅझोलचा नमुना सुरुवातीनंतर दोन ते पाच दिवसांत, इट्राकोनॅझोलचा दोन आठवड्यांनी. व्होरिकोनॅझोलचा सकाळची गोळी घेण्याच्या अगदी आधी. पातळी मिलीलिटरला 1 ते 5.5 मायक्रोग्रॅममध्ये हवी. नमुना घेणारा मुलगा साडेसातला येतो म्हणतो आणि साडेदहाला उगवतो, तोवर पेशंटनं गोळी गिळलेली असते आणि रिपोर्टवर वेळ कुणी लिहीत नाही. मग आकडा 6 येतो, डोस उगाच कमी होतो आणि बुरशी पुन्हा डोकं काढते. यावर इलाज साधा: गोळी डब्याबाहेर काढून ठेवायची, सुई टोचून झाल्यावर गिळायची, आणि नळीवरच्या चिठ्ठीवर शेवटच्या डोसची आणि नमुन्याची, दोन्ही वेळा लिहून घ्यायच्या. नमुने मंगळवार-बुधवारी दिले तर रविवारच्या कुरिअरमध्ये अडकत नाहीत.

आणि पावसाळ्याआधी पंधरा दिवसांचा जादा साठा घरात हवा. ऑगस्ट 2019 मध्ये आणि पुन्हा जुलै 2021 मध्ये पंचगंगेच्या पाण्यानं शिरोलीजवळ महामार्ग बंद पडला, तेव्हा मुंबई-पुण्याहून निघालेली औषधं रस्त्यातच थांबली. गोळ्या कोरड्या डब्यात राहतात. अ‍ॅम्फोटेरिसिनच्या कुपीवर 2 ते 8 अंश लिहिलं असेल तर फ्रिजच्या दारात नको, मधल्या फळीवर. बर्फाच्या कप्प्यात तर नकोच. एकदा गोठलेली कुपी वितळल्यावर चांगली दिसली तरी टाकूनच द्यायची.